धोंडूआक्काचा मासेमारीचा परवाना

निपाणी
माघ वद्य ५, सन १९३६

मारुती, तुला आणि तुझ्या घरच्या समद्यांना धोंडूआक्काचा आशीर्वाद.

मी सुखरूप पोचले. लेकीचं लगीन झ्याक केलंस. आमच्यासाठी निराळी चूल मांडलीस, कांदा-लसूण दारात येऊ दिला न्हाईस, दिवस मावळायच्या आत आमची पंगत उठवलीस. तुझा बाप आमच्या तंबाखूच्या वखारीत राबायचा तवा तुला माझ्या कडेवर टाकून जायाचा, आन् तुझ्या हातात पैली पाटी-पेन्सिल मीच दिली. त्याची जाण ठेवलीस बाबा. जीव थंड झाला.

आता खरं काम लिवते. पाठवणीच्या दिवशी सकाळी मी तुझ्या चौकीम्होरच्या कालव्यावर पाय मोकळं कराय गेलते. सहा माणसं जाळं वढत हुती. मी जन्मात कवा बघितलं न्हवतं, म्हणून उभी ऱ्हायले. जाळं काठावर आलं आन् सगळा काठ उड्या माराय लागला. एक मासा उडून माझ्या पायापाशी पडला. मारुती, त्याला पापणी न्हाय रं! मरतानाबी डोळं मिटायची सोय न्हाय त्याला. माझ्याकडं बघत बघतच त्यो थांबला. मी तितनं पळत आले, आन् तुझ्या बायकूला वाटलं मला ऊन लागलं.

आठ दिस झालं, ताटावर बसलं की त्यो डोळा म्होरं येतोय. तू कालव्याचा मोठा कारकून. मला नीट सांग, त्या माशांचा धनी कोण? जाळं टाकाय कुणाची परवानगी लागती? सगळं कायद्यानं लिव. आडपडदा ठेवू नगंस.

तुझी धोंडूआक्का

कालवा चौकी, मैल सहा
२० फेब्रुवारी १९३६

धोंडूआक्का, तुझ्या पायांवर डोकं ठेवून मारुती लिहितो.

तुझं पत्र घरात मोठ्यानं वाचलं. बायको म्हणाली, आक्कांनी मासा बघितला की माशानं आक्कांना बघितलं? रागवू नकोस.

कायदा विचारलास, तो ऐक. पाण्याचा धनी सरकार, म्हणून माशाचाही धनी सरकार. मासा घटप्रभा नदीत असेस्तोवर कुणाचा नाही. बंधाऱ्याच्या दरवाज्यातून आमच्या कालव्यात शिरला की बादशहाचा झाला. त्याला ते कुणी कळवत नाही, ही गोष्ट वेगळी.

मासे धरायच्या परवान्याचा लिलाव दर जूनमध्ये बेळगावच्या कचेरीत होतो. आमचा तुकडा मैल चार ते मैल नऊ. परवाना ज्याच्या नावे, तो आणि त्यानं लेखी दिलेली सहा माणसं, एवढ्यांनीच पाण्यात उतरायचं. जाळ्याचं भोक दीड इंचाखाली नको. सुरुंगाची दारू नको, विषारी पाला नको, बंधाऱ्यापासून शंभर यार्डांत साधा गळसुद्धा नको. बाकी कुणी टोपली घेऊन पाण्यात शिरला तर त्याला धरून चौकीवर आणायचं, आणि ते काम माझं. गेली अकरा वर्षं परवाना मष्णू भोयाच्या नावे आहे. तू पाहिलंस ते त्याचंच जाळं.

आता तूच सांग, सत्तरीला टेकल्यावर मासे धरायचा विचार आहे की काय?

तुझा मारुती

निपाणी
ज्येष्ठ वद्य १०, सन १९३६

मारुतीस आशीर्वाद.

व्हय, हाय इचार.

धाकट्या दिराचा ल्योक बाळगोंडा परवा बेळगावला जाऊन लिलावात बसला आन् परवाना माझ्या नावानं घेऊन आला. मैल चार ते मैल नऊ. कचेरीतल्या माणसानं इचारलं म्हणं, ‘आजीबाई मासं धरणार?’ बाळगोंडा म्हणाला, ‘धरणार न्हाईत, म्हणून तर घेत्यात.’ सगळी कचेरी खुळ्यागत बघत ऱ्हायली.

तूच लिवलंस की, परवाना ज्याच्या नावे त्यो आन् त्याची माणसं, दुसरं कुणी न्हाय. माझी माणसं शून्य. मीबी उतरणार न्हाय. म्हंजे ह्या वर्साला त्या पाच मैलांत एक जीव मरणार न्हाय. आमच्या धर्मात अभयदानापरीस मोठं दान न्हाय, मारुती. माणसानं सोनं दिलं, जमीन दिली, ते सगळं ज्याच्यापाशी जास्ती हाय त्यानं दिलं. पर ज्याला जीव द्यायला मिळाला त्याचं नशीब! मला ह्या वयात मिळालं. आनंदानं मला झोप न्हाय.

तू एक कर. मोठी पाटी लाव, मराठीत आन् कानडीत. आन् कुणालाबी, अगदी कुणालाबी पाण्यात पाय ठेवू देऊ नगंस. मला वचन दे.

धोंडूआक्का

कालवा चौकी, मैल सहा
३० जुलै १९३६

आक्का, नमस्कार.

वचन दिलं. पाट्या लागल्या, तीन ठिकाणी. माझा वॉचमन भावकू काठी घेऊन फिरतो. आमच्या कालव्याच्या साहेबांनी विचारलं, ‘हा परवानाधारक जाळं कधी टाकणार?’ मी म्हटलं, ‘टाकणार नाही.’ साहेबांनी नियमांचं पुस्तक दोनदा उलटंपालटं केलं. धरलेच पाहिजेत असं कुठं लिहिलेलं नाही. मग ते हसले आणि म्हणाले, ‘वीस वर्षं नोकरी केली, असला परवाना पाहिला नाही.’

आणि आक्का, ह्या वर्षी मी जे पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. सहाव्या मैलावर कालवा एकदम दोन पुरुष उंचीएवढा खाली उतरतो, तिथं पाणी कोसळतं आणि खाली खोल डोह आहे. पहिला पूर आला, दरवाजे उचलले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भावकू पळत आला, ‘रावसाब, बघाय चला.’ मी गेलो. डोहातले मासे त्या कोसळत्या पाण्यावर वर उड्या मारत होते. पडायचे, परत उडायचे. लहान बोटाएवढे, मोठे हाताएवढे, शेकड्यांनी. खडकावर आपटून परत पाण्यात, आणि परत वर. एकही थांबत नव्हता. सकाळी सातपासून दुपारपर्यंत मी तिथं उभा होतो. कचेरीचं काम तसंच पडलं. माती टाकणारे मजूर, साहेबांची मडम, शेतावर निघालेल्या बाया, सगळी रांगेनं उभी. अकरा वर्षं मी ह्या पाण्याची उंची मोजतोय, त्यात एवढा जीव आहे हे मला ठाऊक नव्हतं.

हे सगळे तुझे.

मारुती

निपाणी
कार्तिक शुद्ध ५, सन १९३६

मारुतीस आशीर्वाद.

तुझं पत्र मी आमच्या जैन बस्तीत, देवाम्होरं, सगळ्या बायकांस्नी वाचून दावलं. एकदा न्हाय, तीनदा. चंपाबाई रडाय लागली. म्हणाली, ‘धोंडूबाई, आमाला मुंगी चुकवता चुकवता जन्म गेला, आन् तुमी नदीच्या नदी वाचवली.’ मला मान वर करवंना, पर खोटं कशाला सांगू, आतनं लई गोड वाटलं.

एक राहिलंच. त्यो मष्णू भोई आता काय करतोय? त्याला सांग, दुसरा चांगला धंदा बघ म्हणावं, पापातनं सुटलास.

धोंडूआक्का

कालवा चौकी, मैल सहा
१४ मार्च १९३७

आक्का, नमस्कार.

कालवा दरवर्षीप्रमाणे दुरुस्तीसाठी बंद झाला. मासे बरे आहेत. मष्णू सडकेवर खडी फोडायला जातो. काम फार आहे, म्हणून थोडक्यात.

मारुती

निपाणी
भाद्रपद वद्य १, सन १९३७

मारुती,

आज आमची क्षमावाणी. दहा दिसांचं दशलक्षण पर्व परवा संपलं. आज आमी समद्यांची क्षमा मागतो. घरच्यांची, दारच्यांची, आन् ज्या जिवांची नावंबी ठावं न्हाईत त्यांची. वर्सभरात माझ्या बोलण्यानं, वागण्यानं, न कळत तुझं मन दुखावलं आसंल तर हात जोडून क्षमा मागते. तूबी मनात काय ठेवू नगंस. आजच्या दिशी आत काय ठेवलं तर ते वर्सभर कुजतंय, असं माझी आय म्हणायची.

मार्चपासनं तुझी पत्रं चार-चार ओळींची येत्यात. परवाना मी ह्या सालीबी घेतला, तर ‘बरं झालं’ एवढंबी लिवलं न्हाईस. माझं काय चुकलं आसंल तर सांग.

आन् एक हसण्यावारी न्यायचं न्हाय असं काम. हे पत्र घेऊन त्या सहाव्या मैलाच्या डोहापाशी जा आन् माझ्या वतीनं माशांची क्षमा माग. मोठ्यानं वाच. लोक खुळा म्हणंनात का.

धोंडूआक्का

कालवा चौकी, मैल सहा
२ ऑक्टोबर १९३७

आक्का,

तुझं पत्र घेऊन मी डोहापाशी गेलो. वाचायला पत्र उघडलं आणि परत घडी घालून खिशात ठेवलं. तसाच परत आलो. आता जे सांगतो ते मार्चमध्येच सांगायला हवं होतं. मी तुझ्याशी खोटं बोललो.

कालवा दर साली मार्चच्या पहिल्या तारखेला बंद होतो. वरचे दरवाजे खाली केले की पाच मैलांतलं पाणी दोन-तीन दिवसांत उतरतं. मासे परत नदीत जाऊ शकत नाहीत. वर बंद दरवाजे, मध्ये तो दोन पुरुषांचा कडा. जिथं खड्डा असेल तिथं गोळा होतात आणि उन्हानं खड्डा आटला की मरतात. दरवर्षी त्या वेळी मष्णू आणि त्याचे भोई त्यांना जाळ्यानं काढायचे. ह्या वर्षी काढायला कुणी नव्हतं. तुझा परवाना होता, माझ्या पाट्या होत्या. चौथ्या दिवसापासून पाच मैलांत वासानं चालवत नव्हतं. घारी-कावळ्यांनी आभाळ भरलं. मला हे आधी ठाऊक नव्हतं का? होतं. बारा वर्षं कालवा बंद होताना बघतोय मी. पण तुझ्या जूनच्या पत्रातला आनंद बघून लिहवलं नाही. वाटलं, मार्च लांब आहे.

पण एवढंच असतं तर मी सांगितलं असतं. ह्यापुढचं सांगवत नाही.

त्या डोहात एक मोठी मासोळी यायची. भोई तिला ‘थोरली’ म्हणतात. सोनेरी खवले, एकेक खवला रुपयाएवढा, वरचा ओठ जुन्या गळानं फाटलेला. लांबीला पाच फूट. मष्णूच्या आज्याच्या वेळेपासनं ती आहे म्हणे, आणि कालवा काढला त्या वर्षापासून दर पुराला कालव्यात शिरते. कालवा बंद झाला की भोई आधी जाळं टाकत नाहीत. आधी थोरलीला नदीत पोचवायचं. ओलं घोंगडं पसरायचं, सहा जणांनी पाण्यात उतरून तिला त्यावर घ्यायचं, आणि दोन शेतं ओलांडून अनवाणी नदीपर्यंत न्यायचं. बाया दोन्ही बाजूंनी तिच्यावर घागरी ओतत चालतात. तिला सोडून आले की मग पहिलं जाळं. त्यांच्या बापजाद्यांचा नेम. मला हे माहीत नव्हतं. ते लोक पहाटेच उरकून मोकळे व्हायचे.

दोन मार्चला मष्णू घोंगडं घेऊन आला. भावकूनं पाटी दाखवली. मष्णूनं मला बोलावलं. म्हणाला, ‘रावसाब, मासं नगोत मला. एक थोरलीला तेवढी पोचवतो.’ आणि आक्का, मी त्याला काय म्हणालो? ‘परवाना तुझ्या नावे नाही. लेखी आण.’ तो म्हणाला, ‘लेखी येईस्तोवर पाणी थांबतंय व्हय?’ मी बेळगावला कचेरीकडं विचारणा पाठवली. तुला तार केली असती तर तू एका दिवसात हो म्हणाली असतीस. केली नाही. अगदी कुणालाही पाय ठेवू द्यायचा नाही असं तू लिहिलं होतंस, मी वचन दिलं होतं, आणि त्या कागदाच्या आड मी उभा राहिलो. कारकुनाला कागद फार आवडतो.

पाण्यात उतरायचं नाही, एवढाच नियम. वरून पाणी ओतायचं नाही असा नियम नाही. भोयांच्या बाया विहिरीवरनं घागरी आणून काठावरनं तिच्यावर ओतत राहिल्या. तीन दिवस. आळीपाळीनं. पाटीच्या एक पाऊलही पुढं कुणी आलं नाही. मष्णू काठावर बसून होता. चौथ्या दिवशी दुपारी ती आडवी झाली. तेव्हा तो उठला, माझ्याकडं न बघता गेला. तिला कुणी खाल्लं नाही. भोयांनी नवव्या दिवशी, कचेरीचं ‘हरकत नाही’ असं उत्तर आल्यावर, तिला पुरलं.

क्षमा तू कशाला मागतेस? मी मागतो. पण कुणाकडं मागू ते कळत नाही.

मारुती

निपाणी
आश्विन शुद्ध १४, सन १९३७

मारुती,

पत्र पोचलं. दोन दिस मी जेवले न्हाय. बाळगोंडाला वाटलं उपास हाय.

तुझा राग आला न्हाय असं लिवलं तर खोटं हुईल. लई आला. कडेवर घेतलेल्या पोरानं मला फशिवलं असं वाटलं. मग तिसऱ्या दिशी माझीच पत्रं मला आठवाय लागली. मी तुला कायदा इचारला. कालवा कसा चालतोय, पाणी कवा येतंय, कवा जातंय, हे इचारलं न्हाय. आन् मष्णूला काय सांगून पाठवलं? पापातनं सुटलास म्हणून! बस्तीत बसून मान खाली घालून मी कौतिक ऐकत हुते तवा त्यो खडी फोडत हुता. ज्यानं वर्साला एका जिवाला अभयदान दिलं, त्याचं दान माझ्या दानानं मोडलं. ह्याच्यापरीस मोठं पाप मी साता जन्मात केलं नसंल.

माझी सुटका ह्यातनं हुणार न्हाय, ते मी समजून हाय. पर परवाना जूनपतुर माझ्या नावावर हाय, आन् मार्च परत येणार. येत्या मार्चात तरी तिथला मासा मेला न्हाय पायजे. तेवढंच मला आता जगून बघायचं हाय. तू मष्णूकडं जा. सहा माणसांची नावं लिवायची सोय हाय न्हवं परवान्यात? त्याचं नाव पैलं घाल. त्याला म्हणावं, माझ्या परवान्यावर उतर, आन् थोरलीला न्यायचास तसं सगळ्यांस्नी ने. जेवढं जमंल तेवढं.

धोंडूआक्का

कालवा चौकी, मैल सहा
९ जानेवारी १९३८

आक्का, नमस्कार.

चार वेळा गेलो. तीन वेळा मष्णू घरात असून भेटला नाही. चौथ्या वेळी दारात येऊन म्हणाला, ‘रावसाब, तुमचा कागुद तुमी ठेवा. आमी त्या म्हातारीचं गडी न्हवं. तिला मासं वाचवायचं असत्याल तर तिनं पाण्यात उतरावं. ती उतरली तर आमी उतरतो.’

मी म्हटलं, ‘अरे, त्या जैन, वयानं म्हाताऱ्या, माशाला हात लावायच्या नाहीत.’ तो म्हणाला, ‘मग हात न लावता कसं वाचिवणार हुत्या?’ ह्याचं उत्तर तुला सुचलं तर कळव.

माझ्या हातात एकच गोष्ट आहे, ती मी करणार. दरवाजे एका दिवसात खाली करायचे असतात. ह्या वर्षी मी पाच दिवस लावीन, रोज थोडं थोडं. साहेबांना अर्ज केला. ते म्हणाले, ‘पुस्तकात नाही, पण पुस्तकात नको असंही नाही.’ तेव्हा बंदच्या दिवसांत मी वर बंधाऱ्यावर असेन. खाली काय होतं ते मला दिसणार नाही.

मारुती

निपाणी
फाल्गुन शुद्ध ७, सन १९३८

माझ्या मारुती,

तू वर दरवाज्यापाशी पाच दिस उभा हुतास, आन् मी काम झाल्यावर परस्पर निघून आले, तुला भेटले न्हाय. मष्णू तुला काय सांगणार न्हाय, त्याला बोलायचा कंटाळा. म्हणून मी लिवते.

बस्तीतल्या आठ जणी माझ्यासंगं आल्या, बाळगोंडाबी हुता. निघताना चंपाबाईच्या सासूनं बजावलं, ‘माशाला शिवून आलात तर बस्तीची पायरी चढू नगा.’ चंपाबाई म्हणाली, ‘मग बाहेरनं दर्शन घिऊ.’ तिच्या तोंडात असलं उत्तर हाय हे मला चाळीस वर्सांत ठावं न्हवतं.

डोहापाशी भोयांची सगळी घरं हुबी हुती. कुणी हललं न्हाय. मष्णू माझ्याकडं बघत हुता. मी लुगड्याचा काष्टा मारला आन् उतरले. पाणी मांडीला लागलं. लई गार! आन् मारुती, पायाला मासं लागाय लागलं. इकडनं एक, तिकडनं एक, मग सगळ्या बाजूंनी. पाय उचलाय जागा न्हाय. मला वाटलं मी आता पडती. भ्या वाटलं, किळसबी आली, खोटं न्हाय सांगत. तवा मष्णूची बायकू जयाबाई माझ्या शेजारी उतरली, माझा हात धरला, आन् म्हणाली, ‘आक्का, असं दोन्ही हात खालनं घाला. दाबू नगा. त्याला वाटलं पायजे पाणीच हाय.’

मग सगळं गाव उतरलं. भोयांची जाळी, आमच्या घागरी, बस्तीच्या पंगतीची मोठी पातेली, घोंगडी, धोतरं, टोपल्यांत ओलं शेवाळ घालून. दोन शेतांतनं नदीपतुर एक माणसांची वळ लागली. भोई, मराठे, आमच्या बाया, तुझा भावकू काठी टाकून, साहेबांचा खानसामाबी. हातातनं हातात. बायकांनी कुणाची जात इचारली न्हाय, कुणाला सवडच न्हवती. पाणी हळूहळू उतरत हुतं, तुझ्यामुळं, आन् आमी त्याच्या म्होरं पळत हुतो. पाच दिस. पैल्या दिशी मी मोजाय लागले, शंभराला घोटाळा झाला, सोडून दिलं. नदीत सोडलं की ते लगीच जात न्हाईत. थोडा येळ काठाला घोळका करून ऱ्हात्यात, तोंड पाण्याच्या वढीकडं करून. मग एकदम, कुणी सांगितल्यागत, सगळं गेलं. पाण्यावर नुसती एक रेघ उठली. मी हात जोडलं. बाजूला बघितलं तर जयाबाईनंबी जोडलं हुतं.

सगळं वाचलं न्हाईत. घागरीतच किती मेलं, उन्हानं किती मेलं. ते भोयांनी घरी नेलं. माझ्या म्होरनं नेलं. मी तोंड फिरवलं न्हाय. पाच दिस ज्यांनी कमरेएवढ्या पाण्यात काढलं, त्यांच्या चुलीवर काय शिजावं हे सांगणारी मी कोण? पटतंय असं न्हाय मारुती. ह्या वयात ते पटणार न्हाय. पर गप ऱ्हायले.

आता परवान्याचं. जूनमधी बाळगोंडा बेळगावला जाणार न्हाय. मष्णू लिलावात बसंल. त्याला म्हणाले, ‘तुझ्यावर अट घालत न्हाय, तसा हक्कच न्हाय मला.’ त्यो म्हणाला, ‘घालू नगाच. कालवा बंद झाला की पैलं पाच दिस नदीचं, मग माझं. हे मी आमच्या माणसांस्नी आधीच सांगून बसलोय.’ त्याचं ऐकून मला त्याच्या पाया पडू वाटलं. पडले न्हाय, त्यो पळाला असता. तू मातुर दरवाजं दर साली हळू सोडत जा. तू गेलास तर तुझ्या मागनं येईल त्याला शिकव. पुस्तकात न्हाय, तर पुस्तकात लिवून घे.

शेवटच्या दिशी डोह गुडघ्याएवढा ऱ्हायला. मष्णू तळाशी चाचपत हुता. एकदम थांबला. मला हाक मारली. ‘आक्का, हिकडं या. हळू.’ त्यानं पाण्यातनं एक मासोळी वर घेतली. हातभर लांब. तिचं खवलं सोनेरी. त्यानं ती माझ्या हातात दिली. घोंगडं बोलावलं न्हाय, घागर मागितली न्हाय. ‘तुमीच न्या’, एवढंच म्हणाला.

दोन शेतं मी तिला घेऊन चालले. सगळी माणसं बाजूला झाली. जयाबाई वरनं पाणी ओतत आली. माझ्या तळव्याला तिचं कल्लं लागत हुतं, उघडायचं, मिटायचं. माझ्या लेकरांस्नीबी मी एवढं जपून धरलं नसंल. नदीत छातीएवढ्या पाण्यात गेले आन् हात खाली सोडलं. ती गेली न्हाय. माझ्या पायांशी उभी ऱ्हायली. मला वाटलं, मेली. मष्णू म्हणाला, ‘दम खातीया.’ आमी तिघं बघत उभं ऱ्हायलो. मग ती फिरली, एकदा माझ्या लुगड्याला घासली, आन् खोल गेली.

मी इचारलं, ‘मष्णू, ही थोरली कवा हुईल?’

त्यो बोटांवर मोजाय लागला. मग मोजायचं सोडून म्हणाला, ‘तीस वर्सं, आक्का. तवर मी न्हाय, तुमी तर न्हाईच. हे सरकारबी असंल का ठावं न्हाय.’

‘मग तिला नदीत नेणार कोण?’

‘नेईल की कोणतरी,’ म्हणाला. ‘तिला काय करायचंय कोण त्यो?’

मारुती, मला तितनं निघू वाटंना. नदीवर बघण्यासारखं काय न्हवतं, नुसतं पाणी. बाळगोंडानं काठावरनं चारदा हाका मारल्या, पाचव्यांदा त्योच पाण्यात उतरून माझ्या शेजारी येऊन उभा ऱ्हायला.

धोंडूआक्का